मेंदूत जिवाणू शिरले की मायक्रोग्लिया काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिवाणूंमुळे मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांना सूज, झालेल्या पेशंटच्या नातेवाइकांना डॉक्टरांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "जंतू आटोक्यात आलेत, पण सूज अजून आहे." जंतू मेले तर सूज कशाची? आणि जिवाणू दोन दिवसांत गेले तरी कुणाची ऐकण्याची शक्ती का जाते, कुणाला महिनोन् महिने काही लक्षात का राहत नाही? या प्रश्नांचं निम्मं उत्तर जिवाणूत आहे. उरलेलं निम्मं मेंदूच्या स्वतःच्या रक्षकपेशींत आहे, आणि हे पान त्या निम्म्याबद्दल आहे.

मायक्रोग्लिया म्हणजे नेमकं काय?

मेंदूत कायम वस्तीला असलेल्या भक्षकपेशी. मेंदूतल्या एकूण पेशींपैकी साधारण ५ ते १० टक्के पेशी या जातीच्या असतात. छोटंसं अंग आणि त्यातून चहूबाजूंना फुटलेल्या बारीक, फांद्या-फांद्यांच्या शाखा, असं त्यांचं रूप. १९१९ साली पीओ देल रीओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगवण्याची नवी पद्धत वापरून त्या वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना हे नाव दिलं. इजा झाली की या पेशी रूप बदलतात, जागा सोडून सरकतात आणि कचरा गिळतात, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, मेलेल्या ऊतीच्या कापांवरून एवढं ओळखणं ही साधी गोष्ट नव्हे.

मग त्या चेतापेशी नाहीत?

नाहीत. नात्याने त्या रक्तातल्या आणि इतर अवयवांतल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या, पेशींच्या भाऊबंद आहेत. चेतापेशींशी त्यांचं नातं फक्त शेजाराचं.

त्या येतात कुठून? रक्तातून?

बरीच वर्षं तसंच समजलं जात होतं. २०१० मध्ये उंदरांवर झालेल्या कामातून दिसलं की मायक्रोग्लियाचे पूर्वज गर्भाला जोडलेल्या पीतककोशात तयार होतात. ही एक तात्पुरती पिशवी असते. तिथून ते मेंदूत अगदी सुरुवातीला, हाडांतला मगज कामाला लागण्याच्याही आधी, येऊन बसतात. त्यानंतर वस्ती आपली आपणच वाढवते. निरोगी मेंदूत बाहेरून नवी भरती जवळपास होत नाही.

माणसाच्या मायक्रोग्लियाचं वय मोजण्याची युक्ती तर फारच गमतीची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला आणि पुढे वर्षागणिक कमी होत गेला. पेशीच्या डीएनएमध्ये तो किती सापडतो यावरून ती कोणत्या सुमाराला जन्मली ते काढता येतं. २०१७ मधल्या अशा अभ्यासात मायक्रोग्लियाचं सरासरी वय सुमारे ४.२ वर्षं आलं आणि दर वर्षी सुमारे २८ टक्के पेशी बदलल्या जातात असं दिसलं. काही तर वीस वर्षांहून जुन्या निघाल्या. न्यूट्रोफिल ही रक्तातली पांढरी पेशी काही दिवसांत संपते, तिच्या तुलनेत हे केवढं आयुष्य! हे दीर्घायुष्य पुढे एका प्रश्नात पुन्हा आडवं येणार आहे.

संसर्ग नसताना त्या नुसत्या बसून असतात का?

पाठ्यपुस्तकांत अनेक वर्षं 'विश्रांत मायक्रोग्लिया' असा शब्द होता. २००५ साली दोन गटांनी जिवंत उंदराच्या मेंदूत, खास सूक्ष्मदर्शकाखाली, या पेशी पाहिल्या आणि तो शब्द निकालात निघाला. पेशीचं अंग जागेवर होतं, पण शाखा सतत बाहेर पडत, चाचपत, परत आत येत होत्या. काही तासांत त्या मेंदूचा कानाकोपरा चाचपून काढतात असा अंदाज निघाला. त्याच प्रयोगांत लेझरने बारीकशी जखम केल्यावर काही मिनिटांतच आजूबाजूच्या पेशींनी आपल्या शाखा तिकडे वळवल्या. फुटलेल्या पेशीतून सांडलेलं एटीपी, म्हणजे पेशींचं ऊर्जेचं रसायन, ही त्यांना मिळालेली खूण होती.

त्याखेरीज मेलेल्या पेशी उचलणं, वाढत्या मेंदूतली नको असलेली चेतासंधानं (चेतापेशींमधले जोड) छाटणं, ही रोजची कामं चालूच असतात.

मेंदूभोवती एवढा बंदोबस्त असताना जिवाणू आत जातातच कसे?

मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातल्या बहुतेक गोष्टी बाहेरच राहतात. तरी काही जिवाणूंना वाट सापडते. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझी बी हे नाक-घशात एरवी निमूट राहणारे जिवाणू. नवजात बाळांत गट बी स्ट्रेप्टोकॉकस आणि ई. कोलायचा के-१ प्रकार. म्हातारपणी, गर्भारपणात आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत लिस्टेरिया. कुणी वाहिनीच्या पेशीच्या आरपार जातो, कुणी दोन पेशींमधल्या सांध्यातून, कुणी त्याला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या पोटात बसून. कानाच्या किंवा सायनसच्या जुन्या संसर्गातून, कवटीच्या फ्रॅक्चरमधून थेट शिरकाव होतो तो वेगळाच.

बहुतेक वेळा जिवाणू आधी मेंदूच्या आवरणांमधल्या पाण्यात, म्हणजे मस्तिष्कमेरुद्रवात, पोचतात. मोठ्या माणसात हा द्रव एकूण सुमारे १५० मिलिलिटर असतो. त्यात प्रतिपिंडं आणि कॉम्प्लिमेंट (जिवाणूंवर चिकटणारी प्रथिनं) ही रक्तातली दोन हत्यारं अगदी नावापुरती असतात. म्हणून एकदा आत गेलेला जिवाणू सुरुवातीचा काही काळ मोकाट वाढतो.

मग त्याला पहिल्यांदा तोंड मायक्रोग्लियाच देतात?

इथे बऱ्याच लेखांत घोळ होतो. मेंदूच्या आवरणांत, रक्तवाहिन्यांच्या कडेने आणि द्रव तयार करणाऱ्या जाळीत वेगळ्या मॅक्रोफेज असतात. त्यांना सीमेवरच्या मॅक्रोफेज म्हणतात. आवरणांतल्या संसर्गाशी पहिली गाठ त्यांची पडते. मायक्रोग्लिया मेंदूच्या ऊतीच्या आत असतात. जिवाणूंचे तुकडे, विषं आणि सीमेवरून आलेले रासायनिक निरोप झिरपत आत पोचतात तेव्हा त्या उठतात. मेंदूतच गळू होत असेल तर मात्र त्या पहिल्या क्षणापासून मैदानात असतात.

जिवाणू आलाय हे त्यांना कळतं कसं?

प्रत्येक जिवाणू वेगळा ओळखण्याची त्यांना गरजच पडत नाही. जिवाणूंच्या अंगावर काही गोष्टी अशा असतात ज्या आपल्या शरीरात कुठेच तयार होत नाहीत: ई. कोलाय आणि मेनिंगोकॉकसच्या बाहेरच्या थरातलं लायपोपॉलिसॅकराइड किंवा त्याचा भाऊ, न्यूमोकॉकसच्या भिंतीतले घटक, जिवाणूंच्या डीएनएमधला विशिष्ट क्रम. या खुणा पकडणारे ग्राही मायक्रोग्लियावर असतात. त्यांतलं प्रसिद्ध कुटुंब टोल-लाइक रिसेप्टर, थोडक्यात टीएलआर. ढोबळमानाने टीएलआर-४ लायपोपॉलिसॅकराइड पकडतो, टीएलआर-२ भिंतीचे तुकडे, आणि टीएलआर-९ गिळलेल्या जिवाणूचा डीएनए. या शोधासाठी ब्रूस बॉयटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना २०११ चं नोबेल मिळालं. हॉफमन यांचं काम फळमाशीवरचं होतं. माशी बुरशीशी कशी झुंजते या प्रश्नातून मेनिंजायटिसचा उलगडा होईल असं सुरुवातीला कुणी म्हटलं असतं तर त्याला लोक हसले असते.

दुसरी खूण आपल्याच घरातली: फुटलेल्या पेशींतून सांडलेला माल. 'परकं कोणीतरी आहे' आणि 'आपलं काहीतरी मोडलंय' हे दोन्ही निरोप एकत्र आले की प्रतिसाद जास्त तिखट होतो.

कळल्यानंतर पहिल्या काही तासांत काय घडतं?

ग्राहीपासून पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोपांची साखळी जाते, तिच्या शेवटी एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि एरवी बंद असलेली जनुकं चालू होतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ हे सायटोकाइन, म्हणजे सूज भडकवणारे निरोपाचे रेणू, बनू लागतात. इंटरल्युकिन-१ बीटाला दुहेरी कुलूप असतं. आधी त्याचं कच्चं रूप बनतं, मग इन्फ्लमॅसोम नावाचं यंत्र जुळलं की ते कापून पक्कं होतं. न्यूमोकॉकसचं न्यूमोलायसिन हे विष पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं आणि त्यामुळेच हे दुसरं कुलूप उघडतं.

पेशीचं रूपही बदलतं. शाखा आखडतात, जाड होतात, अंग फुगतं. काही वेळाने ती चक्क अमिबासारखी गोल दिसते. सोबत केमोकाइन, म्हणजे पांढऱ्या पेशींना बोलावणारे रेणू, बाहेर पडतात, आणि ही हाक वाहिनीच्या भिंतीपलीकडल्या रक्तापर्यंत जाते. वाहिन्यांच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकटण्याच्या जागा तयार करतात, न्यूट्रोफिल तिथे अडकतात आणि आत शिरतात.

पाठीतून काढलेल्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये याच गोष्टी आकड्यांत दिसतात. निरोगी द्रवात एका मायक्रोलिटरमध्ये पाचाहून कमी पांढऱ्या पेशी असतात. जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये त्या बहुधा हजाराच्या वर जातात आणि त्यांत न्यूट्रोफिलच जास्त. प्रथिनं वाढलेली, साखर उतरलेली.

मायक्रोग्लिया जिवाणूंना 'खातात' म्हणजे काय? सगळ्यांना खाऊ शकतात का?

आवरणाचा हात पुढे करून जिवाणूला वेढायचं, पिशवीत बंद करायचं, त्या पिशवीत आम्ल, विकरं आणि ऑक्सिजनची तिखट रूपं सोडून त्याला विरघळवायचं. प्रयोगशाळेतल्या बशीत मायक्रोग्लियाला आधी टीएलआरची खूण दाखवली की त्या ई. कोलाय जास्त भराभर गिळतात, हे दिसलेलं आहे.

पण जिवाणूही काही हात जोडून बसत नाहीत. अनेकांच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं निसरडं कवच असतं. ते असलं की भक्षकपेशीला पकड मिळत नाही. पकड यायला प्रतिपिंडं आणि कॉम्प्लिमेंट यांचा लेप लागतो, आणि नेमका तोच मेंदूत कमी. लिस्टेरियाची चाल निराळी. तो स्वतःला खुशाल गिळू देतो, मग लिस्टेरियोलायसिन नावाच्या विषाने पिशवी फोडून पेशीच्या आत मोकळा होतो आणि तिथूनच शेजारच्या पेशीत घुसतो. क्षयाचा जिवाणू पिशवीतच मुक्काम ठोकतो. मेंदूच्या क्षयात त्याचं मुख्य बिऱ्हाड मायक्रोग्लियातच असतं.

जिवाणू मारायलाच हे सगळं चाललंय, तर मेंदूला इजा का होते?

हा या पानावरचा मुख्य प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

सुजणं ही प्रतिकाराची नेहमीची रीत आहे. बोटाला गळू झालं तर बोट फुगतं, ठणकतं, पू होतो आणि आठवड्याभरात सगळं मागे पडतं. तीच रीत मेंदूत लागू केली की दोन अडचणी येतात. एक, कवटी ताणत नाही. वाहिन्या पाझरू लागल्या, ऊतीत पाणी साचलं, द्रवाचा निचरा तुंबला की आतला दाब वाढतो आणि मेंदूला मिळणारं रक्त कमी होतं. सुजलेल्या वाहिन्यांत गुठळी झाली तर मेंदूचा तो भाग मरतो, म्हणजे संसर्गाच्या पोटात स्ट्रोक. दोन, मेलेल्या चेतापेशींच्या जागी नव्या येण्याची सोय जवळपास नसते.

त्यात मायक्रोग्लिया आणि आत आलेल्या न्यूट्रोफिल जी हत्यारं वापरतात ती नेम धरून मारणारी नसतात. ऑक्सिजनचे तिखट रेणू, नायट्रिक ऑक्साइड, ऊती कापणारी विकरं ही जिवाणूवर सोडलेली शेजारच्या चेतापेशीलाही लागतात. पेटलेल्या मायक्रोग्लिया ग्लूटामेटही सोडतात. ग्लूटामेट एरवी चेतापेशींच्या बोलण्याचं माध्यम, पण भसाभस मिळालं तर त्यांना अति उत्तेजित करून मारणारं. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

सगळा दोष घरच्यांवर ढकलणंही बरोबर नाही. न्यूमोलायसिन आणि न्यूमोकॉकसने बनवलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड हे चेतापेशींना थेट मारू शकतात, मध्ये कुणाची गरज लागत नाही. याच मेनिंजायटिसमध्ये हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट जायरस या भागात पेशी मरताना प्राण्यांत आणि माणसांच्या शवविच्छेदनातही दिसल्या आहेत. आठवणी घडवण्यात याच भागाचा हात असतो, म्हणून बरे झालेल्यांना नवं शिकताना, लक्षात ठेवताना त्रास होतो त्याचा धागा इथे लागतो. बहिरेपणाची गोष्ट थोडी वेगळी. द्रवातली जळजळ बारीक नळीवाटे आतल्या कानात पोचते आणि तिथल्या नाजूक पेशी मारते. पुढे आतल्या कानात हाड साचू लागतं, म्हणून बरं झाल्यावर श्रवणचाचणी लांबणीवर टाकू नये असं सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये सहापैकी एक जण दगावतो आणि पाचपैकी एकाला गंभीर परिणाम उरतो.

अँटिबायोटिक दिल्यावर सूज उलट वाढते, हे खरं की अफवा?

खरं, आणि कारणही समजण्यासारखं आहे. पेनिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधं जिवाणूची भिंत फोडतात. फुटलेल्या जिवाणूंतून भिंतीचे तुकडे, डीएनए, विषं एकदम बाहेर पडतात. टीएलआरच्या दृष्टीने जिवंत जिवाणू आणि त्याचे तुकडे यांत फारसा फरक नाही, उलट सुटे तुकडे हाताला सहज लागतात. जिवाणू न फोडता मारणाऱ्या रिफाम्पिसिनसारख्या औषधांनी प्राण्यांत ही जळजळ कमी दिसली आहे.

याचा अर्थ अँटिबायोटिक लांबवावं असा कुणीही काढू नये. उपचाराविना हा आजार बहुतेकदा जीवच घेतो. इथे तासा-तासाला किंमत आहे.

स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतात. मग संसर्गात ती देतात हे उलटंच नाही का?

ऐकायला उलटं वाटतं खरं. पण तर्क वरच्या उत्तरातूनच येतो. जिवाणू मारायचं काम औषधावर सोपवायचं आणि त्या वेळी होणारी धुमश्चक्री आवरायची. म्हणूनच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा बरोबरच देतात. एकदा मायक्रोग्लिया आणि बाकीच्यांनी सायटोकाइन ओतले की नंतर दिलेल्या स्टेरॉइडचा उपयोग कमी होतो.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत ३०१ प्रौढ पेशंट होते. डेक्सामेथासोन मिळालेल्या गटात ७ टक्के दगावले, न मिळालेल्या गटात १५ टक्के. सर्वांत जास्त फायदा न्यूमोकॉकसच्या पेशंटना झाला. गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. मलावीत मुलांवर आणि नंतर प्रौढांवर झालेल्या चाचण्यांत मात्र फायदा दिसलाच नाही. पेशंट किती उशिरा पोचतो, इतर कोणते आजार सोबत आहेत, यावर बरंच अवलंबून असावं. उंदीरवर्गातल्या पिल्लांच्या प्रयोगांत तर डेक्सामेथासोनने हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचं मरण वाढलेलं दिसलं. क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये व्हिएतनाममधल्या ५४५ पेशंटच्या चाचणीत मृत्यू ४१ वरून ३२ टक्क्यांवर आले, पण अपंगत्व कमी झालं नाही.

थोडक्यात, 'सूज वाईट, दाबून टाका' इतकं हे सोपं नाही. घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या कुणाला देण्याचा तर विचारही नको.

ताप, डोकेदुखी, मान ताठ. यांचा मायक्रोग्लियाशी संबंध काय?

तापाचा संबंध सायटोकाइनशी. त्यांच्यामुळे मेंदूच्या वाहिन्यांत प्रोस्टाग्लँडिन बनतं आणि ते मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातला तापमानाचा काटा वर सरकवतं. डोकं दुखतं ते आवरणांचं. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना कळत नाही.

डोकेदुखीबाबत २०२३ मध्ये एक विलक्षण काम पुढे आलं. उंदरांत न्यूमोकॉकसचं न्यूमोलायसिन आवरणांतल्या वेदना-नसा चेतवतं. त्या नसा सीजीआरपी नावाचा रेणू सोडतात, तोच ज्याचं नाव मायग्रेनच्या औषधांमुळे ऐकलेलं असतं. हा रेणू सीमेवरच्या मॅक्रोफेजना चक्क थंड करतो, त्या केमोकाइन कमी सोडतात, न्यूट्रोफिल उशिरा येतात आणि जिवाणूला वाट मोकळी होते. नसा किंवा सीजीआरपीचा मार्ग बंद केल्यावर उंदरांच्या मेंदूत जिवाणू कमी पोचले. म्हणजे ठणका नुसता धोक्याचा इशारा नव्हता, जिवाणू त्याचाच फायदा उठवत होता.

एकदम चढलेला ताप, जोराची डोकेदुखी, मान पुढे न वाकणं, उजेड सहन न होणं, गुंगी, झटके, दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके यांपैकी काही एकत्र दिसलं तर हे पान बंद करून थेट हॉस्पिटल गाठा. तान्ह्या बाळात मान ताठ नसतेही. दूध न ओढणं, सतत किरकिर किंवा उलट मलूल पडणं, टाळू फुगणं याकडे बघावं.

जिवाणू फक्त फुप्फुसात किंवा लघवीच्या मार्गात आहेत, मेंदूत नाहीत. तरी आजोबा बरळायला का लागले?

मायक्रोग्लियाला जिवाणू समोर दिसावाच लागत नाही. रक्तात वाढलेले सायटोकाइन वाहिन्यांच्या पेशींमार्फत, जिथे रक्त आणि मेंदू यांमधला अडथळा मुळातच विरळ आहे अशा छोट्या जागांतून आणि पोट-छातीतून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नसेमार्फत मेंदूला खबर देतात. साध्या आजारपणातही भूक जाते, झोप येते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. ही त्याच खबरेची सौम्य बाजू. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराचा प्रतिसाद हाताबाहेर जातो तेव्हा, ती टोकाला जाते. माणूस गोंधळतो, तारीख-वार विसरतो, माणसं ओळखत नाही. सेप्सिसने गेलेल्यांच्या मेंदूत पेटलेल्या मायक्रोग्लिया सापडल्या आहेत. वयस्कर मेंदूत त्या आधीच थोड्या उतावीळ असतात, त्यामुळे तेवढ्याच संसर्गाला जास्त भडकतात. 'साप साप म्हणून भुई धोपटणे' ही म्हण इथे चपखल बसते.

संसर्ग बरा झाला की त्या पूर्ववत होतात?

बऱ्याचशा होतात. इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटासारखे रेणू चूल विझवतात, मायक्रोग्लिया मेलेल्या न्यूट्रोफिल आणि पेशींचे अवशेष गिळतात, शाखा पुन्हा फुटतात. आवराआवरीचं हे काम मारण्याइतकंच मोठं आहे, पण त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

पण आधी म्हटल्याप्रमाणे या पेशी वर्षानुवर्षं जगतात, आणि झालेल्या प्रसंगाची खूण त्यांच्या जनुकांच्या गुंडाळणीवर राहू शकते. २०१८ मधल्या एका अभ्यासात उंदरांच्या पोटात लायपोपॉलिसॅकराइड एकदा टोचलं तर काही महिन्यांनी मायक्रोग्लिया जास्त तिखट वागल्या. लागोपाठ चार दिवस टोचलं तर उलट निबर झाल्या. ज्या उंदरांत अल्झायमरसारखा बिघाड होणार होता, त्यांच्या मेंदूतल्या गाठींवरही याचा बरा-वाईट परिणाम दिसला. माणसाला हे जसंच्या तसं चिकटवू नये. उंदराला टोचलेला एक रेणू आणि माणसाचा खराखुरा संसर्ग यांत पुष्कळ अंतर आहे.

एम-१ म्हणजे वाईट आणि एम-२ म्हणजे चांगल्या मायक्रोग्लिया, असं वाचलं. बरोबर ना?

विसरा. ही विभागणी बशीतल्या मॅक्रोफेजवरून आली होती. एकेका पेशीची जनुकं वाचता येऊ लागल्यावर खऱ्या मेंदूत अशा दोन पेट्या सापडेनात. २०२२ साली या क्षेत्रातल्या अनेक संशोधकांनी मिळून ही नावं सोडून द्यावीत असं लिहिलं.

मायक्रोग्लिया इतक्या उपद्रवी असतील तर काढूनच टाकल्या तर?

उंदरांत हे करता येतं. मायक्रोग्लियाला जगायला लागणारा सीएसएफ-१ रिसेप्टर अडवणारं औषध अन्नातून दिलं की ९० टक्क्यांहून जास्त मायक्रोग्लिया नाहीशा होतात, आणि औषध थांबवल्यावर काही दिवसांतच उरलेल्यांतून वस्ती पुन्हा भरते. वाटतं त्याहून हे प्रयोग सोपे, पण त्यांचा अर्थ लावणं अवघड, कारण तेच औषध सीमेवरच्या मॅक्रोफेजनाही लागतं. उपायाची दिशा मात्र उलटीकडूनही तपासली गेली आहे. न्यूट्रोफिल कमी केलेल्या उंदरांना जिवाणूच्या डीएनएसारखा कृत्रिम तुकडा, म्हणजे टीएलआर-९ची खूण, आधीच टोचली तर मेंदूत सोडलेल्या ई. कोलाय के-१ पासून ते जास्त संख्येने वाचले. म्हणजे बाहेरची कुमक नसताना घरच्यांना आधी जागं करून ठेवणं कामी आलं.

माणसात ज्या मुलांमध्ये हे रिसेप्टर बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, त्यांच्या मेंदूच्या घडणीतच गंभीर दोष आढळले आहेत. तेव्हा काढून टाकणं हा पर्याय नाही.

मायक्रोग्लिया 'शांत करणारी' पूरक औषधं घ्यावीत का?

जिवाणूंच्या संसर्गासाठी? नाही. मिनोसायक्लिनसारखं नीट अभ्यासलेलं औषध प्राण्यांत मायक्रोग्लियाचा जोर कमी करतं, तेही अजून मेनिंजायटिसच्या रोजच्या उपचारात बसलेलं नाही. बाटलीवरच्या जाहिरातीला त्याहून जास्त मान देण्याचं कारण नाही.

लस मायक्रोग्लियाला काही शिकवते का?

थेट नाही. न्यूमोकॉकस, हिमोफिलस बी आणि मेनिंगोकॉकसच्या बहुतेक लसी जिवाणूच्या साखरेच्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतात. त्यामुळे जिवाणू रक्तातच लेपला जातो, गिळला जातो, आणि मेंदूच्या वाहिन्यांपर्यंत पोचतच नाही. मायक्रोग्लियाला उठवण्याची वेळच येत नाही.

एकाच जिवाणूने या योजनेला फार वर्षं चकवलं: मेनिंगोकॉकसचा बी गट. त्याचं कवच पॉलिसायलिक आम्लाचं असतं, आणि नेमकी तीच साखळी आपल्या वाढत्या मेंदूतल्या चेतापेशींच्या अंगावर असते. ई. कोलाय के-१चं कवचही तेच. शरीराला ते परकं वाटत नाही, म्हणून त्याविरुद्ध प्रतिपिंडं धड बनत नाहीत. आणि बनली असती तर ती आपल्याच चेतापेशींवर बसण्याची भीती होती. शेवटी संशोधकांनी कवचाचा नाद सोडला, २००० साली प्रसिद्ध झालेला त्या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच चाळला आणि पृष्ठभागावर येणारी प्रथिनं त्यातून निवडली. त्या प्रथिनांवरची लस युरोपात २०१३ च्या जानेवारीत मंजूर झाली.